अडीनडीची शिदोरी

शिदोरी कोणाला माहीत नाही? शेतावर जाताना आपण भाकरी फडक्यात बांधून घेतो. वारीला निघताना पिशवीत दशम्या आणि चटणी असते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पिठामिठाचे डबे बरोबर घेतात. वाटेत चूल मिळेल की नाही, याचा भरवसा नसतो. म्हणून खाणे आपल्याजवळ हवे.

पण कधी कधी उलटे होते. आपण घर सोडून कोठे जात नाही, आणि चूलच आपल्याला सोडून जाते. पूर येतो. चूल पाण्याखाली जाते. लाकडे भिजतात. कधी भूकंप होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भागात भूकंप झाला. हजारो माणसे दगावली. जी वाचली त्यांची घरे मातीला मिळाली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहरात वाशिष्ठी नदीचे पाणी शिरले. महाडला सावित्रीचे पाणी शिरले. अशा वेळी मदत येते, पण ती येईपर्यंत वेळ जातो. तेवढा वेळ पोराबाळांनी काय खायचे?

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. ही शिदोरी आधी करून ठेवावी लागते. ती कशी करायची, ते आज आपण पाहू.

पोती भरलेली, पोटे रिकामी

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांना मोठा पूर आला. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील कितीतरी गावांना पाण्याने वेढा घातला. पुण्याहून बंगळूरला जाणारा हमरस्ता कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता. पूर ओसरल्यावर आम्ही शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या एका गावी गेलो. तेथे एका घरातील सूनबाईंनी आम्हांला आपली हकिगत सांगितली. ती आम्ही विसरलो नाही.

त्यांच्या घरात नऊ माणसे. त्यांत तीन लहान मुले. रात्री पाणी अंगणात आले, तेव्हा सर्वांनी मिळून गव्हाची दोन आणि तांदळाचे एक पोते माडीवर चढवले. पहाटे खालची खोली छातीभर पाण्यात होती. गॅसची टाकी पाण्यात, शेगडी पाण्यात, सरपण पाण्यात.

"गहू वाचला, तांदूळ वाचला," सूनबाई म्हणाल्या. "आम्हांला वाटलं, आता कशाची काळजी न्हाई. दुपारी पोरं भुकेनं रडाय लागली, तवा ध्यानात आलं. पोती हाईत, पर चूल कुठाय? धाकट्यानं कच्चं तांदूळ चावलं. रात्रभर त्याच्या पोटात दुखत हुतं."

शेजारच्या माडीवर एक आजी आणि त्यांचा नातू असे दोघेच अडकले होते. मुलांचे रडणे ऐकून आजींनी हाक मारली, "अगं सूनबाई, दोर टाक इकडं." दोन माड्यांमध्ये दोर बांधला. त्या दोरावरून एक पत्र्याचा डबा इकडे आला. डब्यात कडक भाकरी होत्या. शेंगदाण्याची चटणी होती. सातूचे पीठ होते. गुळाची ढेप होती.

आजींनी २००५ सालचा पूर पाहिला होता. त्या पुरात त्यांना दोन दिवस उपास घडला होता. तेव्हापासून दर साली मृगाच्या आधी त्या हा डबा भरून माडीवर ठेवीत. घरचे लोक हसत. "म्हातारी कुठं निघाली शिदोरी बांधून?" असे म्हणत.

दोन्ही घरांची मिळून अकरा माणसे दोन दिवस त्या डब्यावर राहिली. आजींनी पलीकडून सांगितले, तसे सूनबाईंनी मोजून वाटले. मोठ्यांना अर्धी भाकरी, मुलांना सातू आणि गूळ. तिसऱ्या दिवशी नाव आली.

पोत्यांत धान्य पुष्कळ होते. डब्यात थोडेच होते. पण पोत्यातले धान्य शिजवावे लागते. डब्यातले खाणे शिजलेले होते आणि तरी टिकलेले होते. ही खुबी आपण शिकली पाहिजे.

अन्न का नासते?

सकाळी केलेला भात रात्री आंबतो. पण चुरमुरे महिनाभर चांगले राहतात. दोन्ही तांदळाचेच. मग फरक कशाचा?

फरक पाण्याचा. भातात पाणी आहे. चुरमुऱ्यात ते जवळजवळ नाही. अन्न नासवणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते सजीव असतात. त्यांना वाढायला पाणी लागते. बुरशीलाही ओल लागते. अन्नातले पाणी काढून टाकले, की त्यांची वाढ थांबते.

आपल्या आयाबायांना हे जुन्या काळापासून ठाऊक आहे. पाणी काढण्याच्या आणि अडवण्याच्या त्यांच्या चार रीती आहेत. एक, भाजणे. दोन, उन्हात वाळवणे. तीन, तेलात कडक तळणे. चार, मीठ किंवा गूळ भरपूर घालणे. मीठ आणि गूळ पाण्याला धरून ठेवतात. मग ते पाणी जंतूंना मिळत नाही. म्हणूनच लोणचे टिकते आणि गुळाची चिक्की टिकते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. तेलकट पदार्थ ओल नसली तरी फार दिवसांनी खवट होतो. त्याला हवा, ऊन आणि ऊब लागली तर लवकर होतो. म्हणून डबा घट्ट झाकणाचा असावा आणि सावलीत ठेवावा.

करायचे पदार्थ

१. कडक भाकरी. ही सोलापूरकडची जुनी रीत आहे. ज्वारीचे किंवा बाजरीचे पीठ घ्यावे. मीठ आणि थोडे तीळ घालावेत. भाकरी नेहमीपेक्षा पातळ थापावी. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावी. मग मंद आचेवर ठेवून ती पार वाळू द्यावी. मोडली तर पापडासारखी कट्‌कन मोडली पाहिजे. वाकली तर समजावे की ओल आहे. पुन्हा वाळवावी. कोरडी ठेवली तर ही भाकरी महिनाभर टिकते.

२. सातूचे पीठ. दोन वाट्या गहू निवडून खमंग भाजावेत. एक वाटी डाळे घ्यावे. थोडी सुंठ आणि जिरे भाजून घ्यावेत. सगळे गार झाल्यावर गिरणीतून बारीक दळून आणावे. खाताना चार चमचे पीठ, चवीपुरता गूळ आणि शुद्ध पाणी घेऊन कालवावे. विस्तव लागत नाही. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही हे खाता येते.

३. शेंगदाण्याचे लाडू. दोन वाट्या शेंगदाणे भाजून, साले काढून कुटावेत. एक वाटी चिरलेला गूळ घालून पुन्हा कुटावे. तेल सुटू लागले की लाडू वळावेत. पाणी किंवा दूध मुळीच घालू नये. तीस ग्रॅमचा एक लाडू सुमारे १५० कॅलरी देतो. कॅलरी म्हणजे अन्नातून अंगाला मिळणारी ताकद मोजण्याचे माप. हे लाडू पंधरा-वीस दिवस चांगले राहतात.

शेंगदाणे निवडताना डोळ्यांत तेल घालून निवडा. काळा पडलेला, बुरशी आलेला, कडू लागणारा दाणा फेकून द्या. अशा दाण्यात विष तयार होते, आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. तो गुराला किंवा कोंबडीलाही घालू नये.

४. पोह्यांचा चिवडा. पातळ पोहे उन्हात तापवून मंद आचेवर कुरकुरीत भाजावेत. तेलात मोहरी, हळद, तिखट, डाळे आणि शेंगदाणे परतावेत. कढीपत्ता कडक होईपर्यंत तळावा. ओला कांदा, ओले खोबरे, हिरवी कोथिंबीर घालू नये. ही ओलच चिवड्याला नासवते.

५. चटणी. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, मीठ, लसूण आणि जिरे कुटून केलेली चटणी कडक भाकरीबरोबर हवीच. लसणात ओल असते. या डब्यासाठी तो चिरून, तळून, कडक करून घ्यावा.

आणि दशम्या? पीठ दुधात भिजवून केलेली दशमी मऊ आणि गोड लागते. पण तिच्यात ओल राहते. ती दोन-तीन दिवसच टिकते. जत्रेला किंवा वारीच्या पहिल्या मुक्कामांना ती चांगली. महिनाभर ठेवायच्या डब्यात ती घालू नये.

किती करायचे?

धडधाकट माणसाला दिवसाला सुमारे २००० कॅलरी लागतात. वर सांगितलेले कोरडे खाणे अर्धा किलो घेतले, तर तेवढ्या मिळतात. म्हणून हिशेब सोपा आहे. एक माणूस, एक दिवस, अर्धा किलो.

घरात पाच माणसे आहेत आणि तीन दिवसांची सोय करायची आहे, असे धरू. पाच गुणिले तीन म्हणजे पंधरा. पंधराचे निम्मे साडेसात. म्हणजे साडेसात किलो खाणे हवे. ते असे करता येईल:

कडक भाकरी – २ किलो
सातूचे पीठ – २ किलो
शेंगदाण्याचे लाडू – दीड किलो
चिवडा – १ किलो
फुटाणे – अर्धा किलो
गूळ – अर्धा किलो

चटणी आणि मीठ याखेरीज. हे सगळे एकदम करण्याची ऐपत नसेल, तर एका दिवसापुरते करा. पुढच्या बाजाराला आणखी करा. एक दिवसाची शिदोरीही उपासापेक्षा बरी.

लहान मुलांचा विचार वेगळा करावा. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचे दूधच द्यावे. त्यासाठी आईला खाणे आणि पाणी आधी द्या. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे देऊ नयेत. घशात अडकतात. कुटून किंवा पीठ करून द्यावेत. ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांनी गूळ आणि लाडू यांच्याऐवजी फुटाणे, चटणी आणि भाकरी जास्त ठेवावी. त्यांच्या गोळ्याही डब्यातच असाव्यात.

डबा भरताना

पदार्थ पुरता गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. ऊन पदार्थाची वाफ झाकणाला लागते. तिचे पाणी होऊन खाली टपकते. मग चार दिवसांत बुरशी येते, आणि सगळी मेहनत वाया जाते.

डबा धुऊन उन्हात कडक वाळवावा. हात आणि चमचा कोरडा असावा. प्रत्येक पदार्थ जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा. एका पिशवीत एका वेळचे खाणे ठेवावे. सगळे एकाच पिशवीत भरले, तर एकदा तोंड उघडल्यावर सगळ्याला दमट हवा लागते. पिशवीचे तोंड पिळून दोऱ्याने घट्ट बांधावे. त्यावर दुसरी पिशवी घालावी. मग पिशव्या डब्यात ठेवून झाकण लावावे.

डबा कोठे ठेवायचा? पुराच्या गावात माळ्यावर किंवा माडीवर. भूकंपाच्या भागात दाराजवळ, पटकन हाती येईल असा. उंदीर आणि मुंग्या यांच्यापासून जपावा.

पाणी विसरू नका

अन्नावाचून माणूस काही दिवस काढू शकतो. पाण्यावाचून नाही. कोरडे खाणे खाल्ले की तहान जास्त लागते. दर माणशी दर दिवशी तीन लिटर पिण्याचे पाणी धरा. पाच माणसे, तीन दिवस, म्हणजे ४५ लिटर. पाऊस लागला की झाकणाचे स्वच्छ कॅन भरून वर ठेवावेत.

पुराचे पाणी कितीही निवळले तरी पिऊ नये. त्यात संडासाची घाण, मेलेली जनावरे, शेतावरची औषधे मिसळलेली असतात. पुराचे पाणी लागलेले पीठ, गूळ किंवा भाजीही खाऊ नये. घरच्या माणसाला ते जिवावर येते. पण जिवापेक्षा पीठ मोठे नाही. पूर ओसरल्यावर विहिरीचे किंवा नळाचे पाणीही खळखळून उकळून प्यावे. आरोग्य केंद्रातून क्लोरिनचे औषध मिळाले, तर बाटलीवर लिहिलेले प्रमाण वाचून तेवढेच घालावे.

कोणाला जुलाब झाले तर एक लिटर शुद्ध पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहावे. माप चुकवू नये. म्हणून डब्यात साखरेची पुडी, मिठाची पुडी आणि चहाचा चमचा असावा. जुलाब थांबले नाहीत तर दवाखान्यात न्यावे.

हे करू नका

आता एक धोक्याची गोष्ट. बाजारात तयार भाजी, डाळ, पुलाव यांची पाकिटे मिळतात. पाकीट फोडले की जेवण तयार. आपल्या जवानांनाही असे जेवण मिळते. त्यासाठी संरक्षण खात्याने १९६१ साली म्हैसूर येथे अन्नाची प्रयोगशाळा काढली. तेथे जवानांसाठी टिकाऊ जेवणाचे अनेक प्रकार तयार झाले.

ती पाकिटे पाहून कोणी म्हणेल, "आपणही घरी वरण करू, बाटलीत भरू, झाकण घट्ट लावू, की झाले." असे मुळीच करू नका. एक जंतू असा आहे, की उकळत्या पाण्यातही त्याचे बीज मरत नाही. हवा नसलेल्या, ओल्या, आंबट नसलेल्या अन्नात ते बीज रुजते आणि जहाल विष तयार करते. अन्नाला वास येईलच असे नाही. चवही बिघडेलच असे नाही. असे अन्न खाणाऱ्याला एकाचे दोन दिसू लागतात, जीभ जड होते, श्वास अडतो. जीवही जातो.

उकळते पाणी १०० अंशांपर्यंत तापते. कारखान्यात पाकीट वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवतात, आणि ठरलेला वेळ तसेच ठेवतात. तेव्हा कोठे ते बीज मरते. ती यंत्रे आपल्याकडे नाहीत. म्हणून घरचा नियम असा: घरी टिकवायचे ते कोरडे. ओले जेवण ताजे करावे आणि त्याच दिवशी संपवावे.

आता आपल्याला लिहिता येते

त्या आजींना लिहिता येत नव्हते. डबा भरला की त्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढीत. दर पौर्णिमेला आणखी एक रेघ. त्यावरून डब्याचे वय कळे. ही त्यांची हुशारी होती. पण कोणत्या पदार्थाला किती दिवस झाले, हे एका रेघेवरून कसे कळावे?

आपण आता लिहायला शिकलो आहोत. प्रत्येक पिशवीत कागदाचा तुकडा घालावा. त्यावर पदार्थाचे नाव आणि केल्याची तारीख लिहावी. "शेंगदाणा लाडू, १ जून." बस, एवढेच. पंधरा दिवसांनी लाडू आणि चिवडा काढून घरात खाऊन टाकावा. नवा करून भरावा. महिन्याने भाकरी, चटणी आणि पीठ बदलावे. म्हणजे काहीच वाया जात नाही. जुने आपल्या पोटात जाते आणि नवे डब्यात राहते. जुन्या पदार्थाला बुरशी किंवा खवट वास आला असेल, तर मात्र तो फेकावा.

झाकणाच्या आतल्या बाजूला आणखी एक कागद चिकटवावा. त्यावर घरातल्या माणसांची नावे, जवळच्या नातेवाइकाचा फोन नंबर आणि कोणाला कोणते औषध लागते ते लिहावे. धांदलीच्या वेळी माणूस पाठ असलेले आकडेही विसरतो. कागद विसरत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही मृगाच्या आधी पुन्हा त्या गावी गेलो. सूनबाईंनी माडीवरचा डबा दाखवला. शेजारी आजी बसल्या होत्या. झाकणावर सूनबाईंच्या हातची तारीख होती. अक्षर जरा वाकडे होते, पण स्वच्छ वाचता येत होते. आम्ही विचारले, "घरात नऊ माणसं, आणि पिशव्या अकरांच्या?"

सूनबाई म्हणाल्या, "शेजारची दोन धरली की हो."

प्रश्न

१. पोत्यात धान्य असूनही त्या घरात उपासाची पाळी का आली?
२. भात लवकर का आंबतो आणि चुरमुरे का टिकतात?
३. ऊन पदार्थ डब्यात का भरू नये?
४. कोणते शेंगदाणे फेकून द्यावेत? का?
५. तुमच्या घरात किती माणसे आहेत? तीन दिवसांसाठी किती किलो खाणे आणि किती लिटर पाणी लागेल? हिशेब वहीत करा.

करून पाहा

या आठवड्यात एक पदार्थ करा. पिशवीत भरा. नाव आणि तारीख लिहिलेला कागद त्यात घाला. पंधरा दिवसांनी उघडून सर्वांनी वर्गात आणा. कोणाचा कुरकुरीत राहिला आणि कोणाचा सादळला, ते पाहू. का सादळला, तेही आपण मिळून शोधू.